घुमटीच्या सड्याखालचा मातीचा ढीग

सड्यावर चढायच्या आधी हा मातीचा ढीग बघून घ्या. वर पठारभर सगळा उघडा कातळ, आणि पायथ्याशी मात्र एवढी माती. ही सगळी वरून उतरवलेली आहे.

वर घुमटी फुलते. जांभळ्या पाकळ्या खाली झुकलेल्या आणि मधोमध देवळाच्या घुमटासारखा उंचवटा. या सड्याखेरीज ती आम्ही कुठे पाहिलेली नाही.

असे सांगतात की फार पूर्वी इथल्या गवळीवाड्यात ठकू नावाची बाई राहत होती. तिची मुलगी रखमा तापाने अगदी विझत चालली होती. तेव्हा ठकू सड्यावरच्या सडजाई देवीला नवस बोलली, "पोरगी वाचीव. तुझं फूल मी कधी कमी पडू देनार न्हाई."

रखमा उठून बसली.

ठकूला वाटले, कातळावर फूल उपाशीच राहत असणार. ती रोज शेतातली माती आणि शेणखत पाट्या भरून वर नेऊ लागली. शेजारची भागू हसायची, "अगं, फूल हाय का म्हस? किती चारशील!"

पुढच्या पावसाळ्यात सड्यावर कमरेएवढे गवत माजले. घुमट्या सावलीत पिवळ्या पडल्या, मुळाशी कुजल्या. शेवटी एकही दिसेना. नवस मोडला, आता देवी पोरीला परत मागणार, या धास्तीने ठकू रखमाचा हात सोडेना.

एका सकाळी फुले शोधताना रखमा हात सोडवून कड्याच्या बाजूला पळाली आणि तिथून ओरडली, "आये, हितं हाय!"

तिथवर ठकूची पाटी पोचली नव्हती. कातळाच्या भेगेत चिमूटभर माती, वर लख्ख ऊन, आणि चार-पाच घुमट्या ताठ उभ्या. ठकू मटकन खाली बसली आणि रडता रडता हसू लागली, म्हणे. भागूने पाटी उचलली. "ऊठ. चारलेलं आता उतरवू."

साऱ्या वाडीने गवत उपटले, माती खरवडून खाली आणली. भेगेतल्या घुमट्यांचे बी वाऱ्याने पसरले आणि हळूहळू सडा पुन्हा जांभळा झाला. रखमाने पुढे नातवंडे पाहिली.

आजही आमच्याकडे नवस फेडायला वर काही नेत नाहीत. उतरताना मूठभर माती आणून या ढिगावर टाकतात. आणि चढणारा प्रत्येक जण आधी इथे पाय झाडतो.

तुम्हीही झाडा. तुमच्या बुटांना बरीच लागली आहे.