हौसाक्काचं आवतन

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याला हौसाक्का नावाची एक म्हातारी राहायची. बकुळे, गुडघ्याची हळद गोधडीला पुसू नको, ऐक. तिथं गुरांचा डॉक्टर नव्हता, बरं का. बैलाला लागलं, शेळीला लागलं, की चला हौसाक्काकडे. तिचं औषध एकच. हळद आणि लोणी.

आता बेंदराच्या आदल्या संध्याकाळी आपण हळद-लोण्यानं बैलाचे खांदे मळतो, तेव्हा त्याच्या कानात काय सांगतो? ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ हौसाक्काच्या जिभेला तीच सवय! हाताला हळद लागली की तोंडातून आवतन निघालंच.

एक दिवस जुवानं खांदा सोललेला बैल आला. हौसाक्कानं हळद-लोणी लावलं आणि बोलून गेली, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ मग शिंग मोडलेली म्हैस आली. तिलाही तेच. मग पाय मोडलेली शेळी आली. हौसाक्कानं हाड हळूच सरळ बसवलं, हळद-लोणी लावलं, वरून शेवग्याचा पाला गुंडाळला, बांबूच्या कामट्या बांधल्या. आणि तिच्याही कानात आवतन!

शेजारची चिमाबाई खो खो हसली. ‘अगं आक्का, बेंदूर अजून कुठच्या कुठं! आता घाल पंगत!’

‘गुरांना काय कळतंय गं?’

कळलं की! दुसऱ्या दिवशी तिघं दारात हजर. ओळीनं बसली. आणि बैल चक्क माणसावाणी बोलला, ‘आक्का, आवतन खरं झालं तर जखमा भरतील. एक जरी उपाशी उठलं, तर तिघांची हळद उतरंल.’

हौसाक्का पिठाचा डबा बघायला धावली. घरात पीठ मूठभर. मग तिनं भाकरी थापली, बैलाला वाढली. बैलाचा खांदा गुळगुळीत! मग मडक्याच्या तळाच्या कण्या शिजवल्या, म्हशीला वाढल्या. म्हशीचं शिंग तरारून वर! मग राहिली शेळी. आणि घरात राहिलं नुसतं पाणी.

‘शेळीबाई,’ हौसाक्का रडवेली झाली, ‘तुला काय वाढू गं? आता ह्या दोघांचंही परत दुखणार.’

शेळी म्हणाली, ‘माझं पान तू कालच वाढलंयस की!’ आणि मान वळवून पायावरचा शेवग्याचा पाला कचाकचा खायला लागली. कामट्या गळून पडल्या. पाय ठणठणीत! अशी उडी मारली, अशी उडी मारली, की थेट चिमाबाईच्या कोथिंबिरीत.

‘आक्काऽ, तुझी पाव्हणी माझ्या वाफ्यात बसलीय!’

‘मग वाढ की गं पोटभर!’

हौसाक्का हसता हसता खाली बसली. मग तिघं उड्या मारत आपापल्या गोठ्यात गेली आणि सुखानं राहिली. हौसाक्कानं मात्र दारात आणखी एक शेवगा लावला. जिभेचा काय भरवसा?

आण बकुळे तो गुडघा इकडं. आज आवतन घे, उद्या जेवायला ये. शेवग्याची भाजी करते. मीट आता डोळे.