भित्रोबा कुणाचा?

फार जुनी गोष्ट. तेव्हा रानातली पिल्लं रोज संध्याकाळी एका वडावर गोष्टी ऐकायला जमत. गोष्टी सांगायची चंद्री साळुंकी. तिनं भित्रोबा नावाचा बेडूक रचला होता. तो पानाच्या सळसळीलाही घाबरायचा, पण डोकं लढवून प्रत्येक संकटातून निसटायचा. पिल्लं त्याच्यावर जीव टाकायची.

वड होता मोठ्या चोचीच्या धनेश पक्ष्याचा, धनेशरावांचा. एके दिवशी ते म्हणाले, "चंद्रे, उद्यापासून भित्रोबाच्या गोष्टी हिरोजी पोपट सांगेल. त्याचा आवाज मोठा आहे."

"अहो, पण भित्रोबा माझा आहे!"

"फांदी माझी, म्हणून भित्रोबाही माझा."

दुसऱ्या दिवशी चंद्री शेजारच्या बाभळीवरून ऐकत बसली. हिरोजीचा भित्रोबा मिशा पिळत सापाशी कुस्ती खेळत होता. आपल्याच लेकरानं आपल्याला ओळखू नये, तसं तिला झालं.

पुढे हिरोजीनं स्वतःच्या डोक्यातून ठमाबाई नावाची कासवीण काढली. पिल्लं खूश झाली. हिरोजी ऐटीत धनेशरावांना म्हणाला, "माझी ठमाबाई गाजली की!"

"तुझी कशी? फांदी माझी."

हिरोजी उडाला तो थेट बाभळीवर गेला. "ताई, चुकलं माझं. तुझा भित्रोबा तू घे. माझ्या ठमाबाईला इथं जागा देशील?"

चंद्री सरकून बसली. "ये. काटे तेवढे सांभाळ."

संध्याकाळी पिल्लं बाभळीकडे निघाली. त्यांना थांबवायला धनेशरावांनी घाईघाईनं घसा खाकरला आणि "एक होता बेडूक" अशी सुरुवात केली. पुढचं काही त्यांना सुचेना.