पहिलं गाडगं

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक कुंभार होता. हात चांगला, चाक चांगलं आणि जीभ त्याहून चांगली. चार माणसांत बोलायचं झालं की अख्खी पेठ त्यालाच पुढे करायची. त्यालाही ते जरा जास्तच आवडायचं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्याची एक रीत होती. आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, उघडला की पहिलं गाडगं शेजारच्या म्हाताऱ्या आजीला द्यायचं. आजी त्यात भात शिजवायची आणि पहिला घास त्याच्या हातावर ठेवायची. "नाही रे गळत. विक खुशाल," असं ती म्हणाली की मगच बाकीचा माल बाजारात जायचा.

एका वर्षी वणवा लागला आणि निम्मं रान जळून गेलं. राजाने दवंडी पिटवली की उरलेल्या रानातून रोज फक्त पन्नास गाड्या लाकूड निघेल, त्याबाहेर काडीही तोडायची नाही. ते कोणाला किती द्यायचं, याबद्दल पेठेने आपलं म्हणणं दरबारात मांडावं.

झालं, पेठेत जुंपली. लोहार म्हणाले, आमचा भाता थांबला तर तुमचे नांगर कोण करणार? रंगारी म्हणाले, आमच्या कढया उकळल्याच पाहिजेत. हलवायांचं तर विचारूच नका. तीन दिवस नुसती वादावादी. शेवटी कुंभार उठला.

"भांडताय कशाला? सगळं लाकूड आधी पेठेला, उरेल ते घरांना. पेठ चालली तर गाव चालेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकं सोपं वाक्य ऐकलं की माणसं माना डोलावतातच.

दरबाराला निघताना आजीने त्याला दारातच गाठलं. "पेठेचं सांग बाबा, पण आमच्या चुलींचंही एक वाक्य घाल. आमच्यातलं कोणी जात नाही रे तिकडे."

"घालतो की आजी," कुंभार म्हणाला. आणि तेव्हा त्याच्या मनात ते खरोखरच होतं.

दरबारात तो असा काही बोलला की प्रधानसुद्धा ऐकत राहिला. सगळं ऐकून राजाने विचारलं, "आणि घरांचं काय? त्यांना पुरेल ना?"

आजीचं वाक्य कुंभाराच्या ओठांवर आलं. पण मागे सगळी पेठ उभी होती, कौतुकाने त्याच्याकडे बघत होती.

"भागवतील, महाराज," तो म्हणाला. "घरं काय, कशीही भागवतात."

राजाने शिक्का मारला.

पेठ खुशीत आली. भाते चालले, कढया उकळल्या. घरांच्या वाट्याला मात्र सालपटं आणि भुसा. आधी साठवलेल्या गोवऱ्या संपल्या, मग घरोघरी मोडक्या बाजा जळाल्या. कुंभाराची बायको आव्यातल्या निखाऱ्यांवर रांधायची, त्यामुळे त्याला यातलं काहीच जाणवलं नाही.

आवा उघडला तसा तो पहिलं गाडगं घेऊन आजीकडे गेला. आजीने ते हातात घेतलं, बोटाने वाजवून पाहिलं.

"सुरेख झालंय. पण परत ने."

"का गं आजी?"

"शिजवू कशावर? आठ दिवस झाले, भिजवलेले पोहे खातेय मी."

कुंभाराला मान वर करवेना. तो तडक पेठेत गेला आणि म्हणाला, "आपण चुकलो. चला, राजाला सांगू." लोहार म्हणाला, "आत्ताच मागे फिरलो तर हसं होईल आपलं. थोडं थांब." कुंभार थांबला. माणसाने कुठे थांबू नये, हे त्याला तिथे कळायला हवं होतं.

नदीपलीकडच्या गावात लाकूड सगळ्यांना सारखं मिळे. एकेक घर तिकडे निघालं. आजीचा भाचाही बैलगाडी घेऊन आला. गाडीत बसताना ती कुंभाराला म्हणाली, "तू वाईट नाहीस रे. एक वाक्य होतं, तेवढं बोलायचं होतंस."

ज्यांच्या चुली विझल्या, ते मडकी कशाला घेतील? ज्यांनी गाव सोडलं, त्यांना इथले नांगर काय कामाचे? हलवाई दुकानात बसून माश्या हाकू लागले. मग पेठ दरबारात धावली. या वेळी कुंभार घरांसाठी खूप बोलला, घसा बसेपर्यंत बोलला. राजाने वाटणी बदलली. पण ज्यांनी दुसरीकडे चुली मांडल्या होत्या, त्यांतलं कोणी परतलं नाही.

कुंभार अजून आवा लावतो, लहानसाच. पहिलं गाडगं नेऊन आजीच्या बंद दाराशी ठेवतो. तिथे आता बावीस गाडगी झाली आहेत. एकही गळत नसेल कदाचित, पण ते सांगणारं कोणी नाही.

तात्पर्य एवढंच: ज्यांच्या चुलीवर आपला धंदा चालतो, त्यांचं एक वाक्य वेळेवर बोलावं. नंतर कितीही बोललं, तरी ऐकायला ते उरत नाहीत.