साखरेच्या गलबतातली सात माणसे

एका राज्यात समुद्र थेट राजवाड्याच्या पायरीला लागे. तिथे अर्णवसेन नावाचा राजा राज्य करी. राजाला शेती थोडी, बागा थोड्या, खडक मात्र उदंड. वादळात परदेशी गलबते त्या खडकांवर येऊन फुटत, आणि फुटलेले गलबत मालासकट राजाचे होई. वाडवडिलांनी त्याला एक नियम घालून ठेवला होता. गलबतावर एक जरी माणूस श्वास घेत असला, तर गलबत त्या माणसाचे. राजाने दोरखंडालाही हात लावायचा नाही. म्हणून राजाचा सारंग आधी गलबतावर जाई, तीन हाका देई, आणि उत्तर आले नाही तरच डोलकाठीवर राजाचे निशाण चढवी. खोटे निशाण चढवणाऱ्या सारंगाला वल्ह्यांवाचून होडीत बसवून समुद्रात सोडून देत.

हा मान हरबाजी सारंगाकडे होता. माणूस पाण्याचा जाणकार, कामात चोख, आणि राजाची मर्जी राखण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

एके वर्षी आश्विनातल्या वादळात एक थोरले गलबत खडकावर आले. दूरच्या बेटांवर परक्या व्यापाऱ्यांचे उसाचे मळे होते. तिथली साखर त्यात काठोकाठ भरली होती. खलाशी लाटांनी नेले होते. हरबाजीने हाक दिली. पहिल्या हाकेला तळातून कोणीतरी लाकडावर हात आपटला. दुसऱ्या हाकेला एका बाईचा आवाज आला. हरबाजी खाली उतरला. गोण्यांच्या मधोमध सात माणसे साखळीने जखडलेली होती. गोण्यांवर उसाच्या पेराचा शिक्का होता, आणि तोच शिक्का त्या माणसांच्या खांद्यांवर डागलेला होता. ज्यावर मालकाचा शिक्का तो माल, हे हरबाजी बंदरावर चाळीस वर्षे शिकला होता. तिसरी हाक त्याने दिलीच नाही. वर आला आणि निशाण चढवले.

राजाने विचारले, "जिवंत कोणी होते का?"

"नाही, महाराज. नुसता माल आहे," हरबाजी म्हणाला.

साखर घरोघर वाटली गेली. सात माणसांना हरबाजीने राजाच्या नकळत बंदरावरच्या वखारीत, उरलेल्या गोण्यांशेजारी कोंडले. तिसऱ्या दिवशी राज्यातली प्रत्येक गोड वस्तू खारट झाली. गूळ खारट, मध खारट, पिकलेले केळे खारट. एवढेच असते तर लोक चार दिवस कुरकुरून गप्प बसले असते, माणसाची जात तशीच आहे. पण आयांचे दूधही खारट झाले. हरबाजीची लेक येसू बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे नऊ दिवसांचे मूल छातीला तोंड लावी आणि रडून तोंड फिरवी. शेळीचे दूध आणले, तेही खारट. पेजेच्या पाण्यावर मूल कसेबसे तगले होते, पण दिवसागणिक त्याचे रडणे बारीक होत चालले. मांत्रिकांनी होम केले. राजवाड्यात धूर झाला, गुण आला नाही.

हरबाजी धक्क्यावर डोके धरून बसला असता एक पांढरा कुरव पक्षी शेजारी उतरला आणि बोलू लागला. "सारंगा, तीन कामे कर. गलबताच्या फुटक्या बाजूने सात गोण्या तळाशी गेल्या, त्या वर काढ. गलबतात सापडलेली माणसे डागायची मुद्रा राजाने हौसेने खजिन्यात ठेवली आहे, ती वितळव. आणि तू जे ऐकलेस ते दरबारात सांग."

तिसरे काम म्हणजे वल्ह्यांवाचूनची होडी, हे हरबाजीला ठाऊक होते. म्हणून पहिली दोन त्याने फार मन लावून केली.

पाणबुड्यांना घेऊन त्याने स्वतः बुडी मारली. तळाशी साखर विरघळली नव्हती. प्रत्येक गोणी माणसाएवढी जड होती. वाळूत आणून तोंड सोडताच प्रत्येक गोणीतून एक नाव ऐकू आले आणि गोणी रिकामी झाली. गलबताच्या बुडालेल्या बाजूला आणखी सात माणसे साखळीतच बुडून मेली होती, त्यांची ती नावे. वखारीच्या गजांआड इबाना नावाची बाई उभी होती. तळातून उत्तर देणारी ती हीच.

"चौथे नाव माझ्या नवऱ्याचे," ती म्हणाली. हरबाजीला तिच्याकडे पाहवले नाही.

मग त्याने राजाकडून मुद्रा मागून लोहाराच्या भट्टीत घातली. ती लाल होई, पण वितळेना. सात वेळा भाता चालवून लोहार थकला. आठव्या वेळी हरबाजीने अंगरखा उतरवला आणि लाल मुद्रा आपल्याच खांद्याला लावली. त्यानंतर ती पाण्यासारखी वितळली. जळत्या खांद्याने घरी येताना त्याला पहिल्यांदा कळले की मालाला असे दुखत नाही.

तरीही दरबारात उभा राहिल्यावर त्याची जीभ घसरली. तो म्हणाला की वारा फार होता, नीट ऐकू आले नसेल. येसू दाराशी मूल घेऊन उभी होती. तिने मुलाला छातीशी धरले. मुलाने तोंड फिरवले. आता त्याला रडण्याचेही बळ उरले नव्हते.

तेव्हा हरबाजी गुडघ्यांवर बसला. "मला ऐकू आले होते, महाराज. दोनदा. मी खाली उतरलो आणि त्यांचे डोळे पाहिले. ती माणसे जिवंत होती, आणि मला ते ठाऊक होते."

मूल दूध पिऊ लागले. 

राजाने आपल्या हातांनी निशाण उतरवले, वखार उघडली, साखळ्या तोडल्या आणि गलबत सात जणांचे झाले. उरलेली साखर त्यांनी समुद्रात ओतली. ती लगेच विरघळली. पुढे असा नियम झाला की फुटलेल्या गलबतात राजाने स्वतः तळापर्यंत उतरून पाहावे.

सारंगाची शिक्षा काय, हे राजाने इबानाला विचारले.

"होडी नको," ती म्हणाली. "आम्हाला घरी जायचे आहे, आणि आमच्यात गलबत हाकणारा कोणी नाही."

ती वाट हरबाजीला ऐकून ठाऊक होती. जायलाच दोन वर्षे. त्याच्या वयाला परतीची आशा नव्हती.

"येतो, बाई," तो म्हणाला.

महिनाभरात गलबत दुरुस्त झाले. निघण्याच्या सकाळी येसू मुलाला पाजत बसली होती. बापाला पाहून तिने मूल पुढे केले.

"बाबा, एकदा घ्या त्याला."

"राहू दे. पिऊ दे," हरबाजी म्हणाला आणि उंबऱ्यावरूनच वळला.

इबाना आणि तिचे सहा सोबती आपल्या किनाऱ्याला सुखरूप लागले. हरबाजी परतला नाही. येसूचा मुलगा मोठा होऊन त्याच बंदराचा सारंग झाला. आजोबांविषयी कोणी विचारले, तर ते आधी काय खोटे बोलले आणि मग काय खरे बोलले, ते दोन्ही तो सांगत असे.