जानूच्या वाट्याची कालवं

ओहोटीला उघडं पडलेलं ते काळं खडप दिसतंय ना, त्याला आमच्या तारेखोलात वाट्याचं खडप म्हणतात. मघाशी ज्या आंबट कालवांवर तुम्ही पाहुण्यांनी ताव मारलात, ती तिथलीच. कृती इथं कोणीही सांगेल. पण ती सुचली कोणाला, ते ऐकून जा.

पूर्वी गलबत निघायच्या आदल्या दिवशी घरातली सगळी माणसं या खडपावर कालवं काढायला जात. जाणाऱ्याचा वाटा मिठात घालून देवापुढे ठेवत. तो परतला की त्यानंच खायचा, दुसऱ्यानं शिवायचंही नाही. आणि वाटा कुसला, म्हणजे सडला, तर माणूस गेला असं समजत. गलबतं जवळच्या बंदरातून लगेच परतत, म्हणून ही रीत कोणाला जाचली नव्हती.

एका वैशाखात मात्र जानू तांडेलाचं गलबत गेलं ते गेलंच. वादळ झालं, पाऊस लागला. घरोघरचे वाटे कुसू लागले आणि बायकांची कुंकवं पुसली जाऊ लागली. जानूच्या बायकोचं नाव द्वारका. तिची सासू डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "वाटो वास मारूक लागलो काय सगळां संपलां, बाय."

"मी तो कुसाक देवचंय नाय, आई."

द्वारका माडी काढणाऱ्या भंडाऱ्याची लेक. विसरून राहिलेली माडी आंबून तिचा कडक शिरका होतो आणि त्यात घातलेली वस्तू टिकते, हे ती लहानपणापासून बघत आली होती. भर पावसात ती माहेरी गेली आणि शिरक्याचं मडकं डोक्यावर घेऊन आली. कालवं उकडली, निथळली, मिरी-लसूण लावून बरणीत शिरक्यात बुडवली. देवापुढचा वाटा असा आंबवतात का, म्हणून गाव खवळलं. जाणती माणसं येऊन बरणी हुंगत. नाकाला झिणझिण्या येत, पण कुजका वास काही येईना. द्वारकेचं कुंकू राहिलं. काय बाई असेल! मला तर तिचा फार अभिमान वाटतो.

नारळी पुनवेनंतर गलबत परतलं, म्हणे. शीड फाटून ते लांबच्या खाडीत अडकून पडलं होतं. माणसं जिवंत घरी आली, तर त्यांची दिवसकार्यं उरकलेली आणि बायका पांढऱ्या कपाळानं दारात उभ्या. एका जानूच्याच घरी त्याचं पान वाढलेलं होतं. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ह्यां इतक्यां आंबट कित्याक?"

"इतको उशीर कित्याक झालो?" द्वारका म्हणाली आणि तेव्हा कुठे रडली, असं सांगतात.

तेव्हापासून गावात कोणी वाटा कुसू दिला नाही. आजही बाहेर गेलेल्या माणसाची बरणी घरोघर भरलेली असते आणि शिरका उतरला की वरून नवा ओततात. तुम्ही खाल्लीत ती आम्हा घरात असलेल्यांच्या वाट्याची कालवं होती, आणखी हवी तर वाढतो. फडताळातली बरणी मात्र मागू नका. माझा धाकटा वसंत जहाजावर गेलाय. बरीच वर्षं झाली, त्याचा फोन नाही की निरोप नाही. त्याच्या बायकोनं कालच त्या बरणीत नवा शिरका ओतलाय.