भाबींचा होकार

जमातीच्या बैठकीत खोतसाहेब बोलायला लागले की बाकीचे नुसत्या माना डोलावतात. त्या दिवशीचा ठराव होता: दहावीनंतर गावच्या पोरींनी खाडीपलीकडच्या कॉलेजात जायचं नाही. आम्ही मुकाट्याने हात वर केले.

तेवढ्यात पोरांना कुराण शिकवणाऱ्या हलिमाबी दारात उभ्या राहिल्या. "पोरींना विचारलंत?"

खोतसाहेब गुरकावले, "बाईच्या हो-नाहीला आपल्या मजहबात किंमत नाही!"

"असं? मग निकाहाच्या दिवशी सेहरा बांधून तासभर ताटकळलात कशाला? नवरीच्या वतीने बोलणारा वकील आणि दोन साक्षीदार आत जाऊन भाबींचा होकार घेऊन आले, तेव्हाच काझींनी निकाह लावला. त्या होकाराला किंमत नसेल, तर खोतसाहेब, तुमचा निकाह झालाच कसा?"

खोतसाहेब मटकन खाली बसले. ठराव तिथेच बारगळला.

लोक हसत होते. माझी मान मात्र वर होईना. त्या दोन साक्षीदारांतला एक मीच. 'भाबी राजी आहेत' हे भर मांडवात मीच ठासून सांगितलं होतं. आणि माझी पोर यंदाच दहावी झाली. तिला एका शब्दाने न विचारता मी हात वर केला होता.