टिपऱ्यांची दुरुस्ती

“पण बाई, बिघडलं तर धरायचं कुणाला?”

विद्याधर टिपरे एका मोठ्या दूध संघाच्या संगणक विभागाचे प्रमुख. हाताखालच्या इंजिनिअरांनी संघाची सगळी यंत्रणा, गावोगावच्या संकलनापासून पावडरच्या पोत्यावर मुदतीची तारीख छापण्यापर्यंत, एका मुक्त-स्रोत, म्हणजे आतला कोड कुणालाही वाचता येईल अशा, संगणकभाषेत नव्याने लिहून काढली होती. ती चालू करायला टिपऱ्यांची सही तेवढी राहिली होती.

भाषा फुकट. जगभरच्या अनोळखी माणसांनी मिळून घडवलेली. टिपऱ्यांना नेमकं तेच खुपत होतं. कोण ही माणसं? बदल्यात काहीच कसं मागत नाहीत? कुणी आत काही दडवून ठेवलं असेल तर?

म्हणून ते मिरजेला, कॉलेजात संगणक शिकवलेल्या आपल्या जुन्या शिक्षिका निमकर बाईंकडे आले होते.

“सगळं उघडं आहे ना?” बाई म्हणाल्या. “मग वाच.”

टिपऱ्यांना ते लागलं. पण घरी जाऊन ते खरंच वाचायला बसले. दोन महिने, एखाद्यावर पाळत ठेवावी तसे. दडवलेलं काही सापडलं नाही. तारखांच्या मोजणीत एक चूक मात्र सापडली. त्यांनी दुरुस्ती लिहून पाठवली. ती स्वीकारली गेली, नव्या आवृत्तीत आलीसुद्धा.

टिपरे पुन्हा मिरजेला आले. चेहरा उतरलेला.

“बाई, मी कोण, कुठला, कुणी विचारलं नाही. माझ्या जागी एखादा लबाड असता तर...?”

बाईंनी नुसता हात पुढे केला. टिपऱ्यांनी दुरुस्तीचा छापील कागद त्यांच्या हातात ठेवला.

एकेका ओळीवर बोट ठेवत बाई वाचत राहिल्या. बराच वेळ...

मग एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून त्यांनी कागद परत दिला.

टिपऱ्यांनी पाहिलं. लीप वर्षातला शेवटचा दिवस त्यांच्या मोजणीतून निसटला होता. त्यांच्याही, आणि दुरुस्ती स्वीकारणाऱ्यांच्याही नजरेतून.

त्यांनी खाली बघतच विचारलं, आता सही करावी की करू नये.

“हे लिहिताना तुझ्या मनात काही वाईट होतं का रे?”

“नाही, बाई.”

“...तरी वर्षातला एक दिवस गेलाच.”